जयंतीचा सेक्रेटरी

राजानंद पंचायतीला उभा राहतोय म्हटल्यावर संध्याच्या तव्यावरची भाकर करपली. "अहो, खरंच का?"

"अर्ज भरूनच आलो."

जाफराबादजवळच्या त्या गावात राजानंद बावीस वर्षं जयंती मंडळाचा सेक्रेटरी होता. मंडप त्यानं उभारायचा, रुसलेल्यांची समजूत त्यानंच काढायची. मिरवणुकीच्या कागदासाठी पंचायतीत गेला, की मात्र दाराशी ताटकळावं लागे. आत मेंबर मंडळी खुशाल चहा पीत बसलेली असत. आपणही एकदा तिथं बसावं, कुणीतरी 'या मेंबर' म्हणावं, असं त्याला फार फार वाटे. पन्नाशीला आलेल्या माणसानं इतकं झुरावं का? पण झुरत होता बिचारा.

समोर होता भुजंग. या गड्यानं जन्मात मंडपाची एक खुंटी ठोकली नव्हती. त्यामुळे निकाल काय लागणार, हे सगळे धरूनच चालले होते.

प्रचारात वसंतानं सहज विचारलं, "राजाभाऊ, मेंबर झाल्यावर मंडळाचं कसं?"

वसंता त्याचा जिवाभावाचा दोस्त. त्याच्याशी खोटं कसं बोलणार? "दोन्ही बराबर जमायचं न्हाई. मंडळ दुसऱ्याला द्या."

झालं! संध्याकाळपर्यंत ही गोष्ट घरोघरी पोचली आणि वस्ती काळजीत पडली. दुसरा कोण? वसंताला साधा मंडपाचा दोर बांधता येत नव्हता.

निकाल लागला. भुजंग तीनशे बारा, राजानंद शून्य.

वसंता धावतच आला. "आईशपथ राजाभाऊ, तुला पाडायचं न्हवतं रे! मला वाटलं, बाकीचे देतीलच. माझं एक मत तेवढं मंडळासाठी."

मागून आलेला प्रत्येक जण हेच सांगू लागला. शिवाय जाताना, "सेक्रेटरी मात्र तूच हं," असं बजावून जाऊ लागला. राजानंदला हसावं की रडावं कळेना.

सगळे गेल्यावर संध्यानं पदर तोंडाला लावला. "मी बी तसंच केलं हो. पण तुमचं सोताचं मत कुठं गेलं?"

राजानंद भिंतीला टेकून बसला.

"हात माझ्याच नावावर गेल्ता गं. तेवढ्यात मनात आलं, मी तिकडं बसलो तर औंदा मंडपाचं कोण बघंल? मंग बटन दाबवलंच न्हाई." त्यानं डोळे पुसले. "मेंबर व्हायचं लई होतं पण मनात."