ठिपकेवाली हजर आहे

माशांच्या दुकानदाराने रेक्टरबाईंना तीनदा सांगितलं की हे पाच मासे एका टाकीत नांदणार नाहीत, आणि तिन्ही वेळा रेक्टरबाईंनी त्याला त्याच्याच दुकानात गप्प बसवलं. बत्तीस वर्षं त्यांनी मुलींचं वसतिगृह चालवलं होतं. एका खोलीत चार मुली, चार तऱ्हा आणि आरसा एकच. तिथे ज्या बाईने शांतता राखली, तिला बोटभर मासे ऐकणार नाहीत म्हणजे काय?

"महिन्याने घरी या आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा," त्या म्हणाल्या आणि चार पिशव्या उचलून निघाल्या.

खाऱ्या पाण्यातल्या या माशांना रॅस म्हणतात. दिसायला एकाहून एक देखणे, पण जितक्या जाती तितके स्वभाव. त्यांतला सहा पट्ट्यांचा अंगठ्याएवढा जांभळा म्हणजे पक्का दादा. त्याला सर्वांत शेवटी सोडा, नाहीतर तो सगळी टाकी आपल्या बापाची समजतो, असं दुकानदाराने बजावलं होतं. ठिपकेवालीबद्दलही तो काहीतरी सांगत होता, पण तोवर रेक्टरबाईंनी त्याला वसतिगृहातली एक जुनी हकिकत सांगायला घेतली होती. घरी येऊन त्यांनी पट्टेवाल्यालाच पहिला सोडला. दांडगटाला मॉनिटर केलं की तो सरळ होतो, हा त्यांचा बत्तीस वर्षांचा अनुभव होता.

मॉनिटर सरळ झाला नाही. लाल पंखांच्या माशाला त्याने दगडाच्या फटीत कोंबलं, पिवळा आणि निळा दोघे कोपरा धरून बसले. तरी तिसऱ्या आठवड्यापर्यंत चौघेही जिवंत होते आणि रेक्टरबाई रोज संध्याकाळी आठ वाजता टाकीसमोर खुर्ची टाकून हजेरी घेत होत्या.

या हजेरीला कारण होतं. टाकी दिवाणखान्यात आली तेव्हा धाकट्या जावेचं कापड बेतायचं टेबल मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलं होतं. जाऊ शिवणकाम करायची आणि खिडकीचा उजेड हीच तिची चैन होती. ती भांडली नाही, पण अट घातली. महिनाभरात एक जरी मासा कमी झाला, तर टाकी दुकानात परत आणि टेबल खिडकीशी परत. रेक्टरबाईंनी ताबडतोब कबूल केलं. खरं सांगायचं तर त्यांना माशांपेक्षा जास्त ओढ होती ती कोणीतरी आपलं ऐकण्याची. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना विचारून कोणी काही करत नव्हतं. नवरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि मनात येईल ते करायचा.

पाचवी, ठिपकेवाली, बिचारी नाजूक म्हणून इतके दिवस दुकानदाराकडेच ठेवली होती. महिना संपायला बारा दिवस उरले तेव्हा रेक्टरबाईंनी तिला आणून पाण्यात सोडलं आणि पाणी गरम करायचा हीटर बघायला मान वळवली. मान पुन्हा फिरवली तर ठिपकेवाली नाही.

रॅस टाकीबाहेर उड्या मारतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या सोफ्याखाली शिरल्या, बुटांत हात घालून पाहिलं, कपाट ओढलं, जावेच्या चिंध्यांची टोपलीसुद्धा उपसली. मासा कुठेच नव्हता. मग त्यांनी वळून पट्टेवाल्याकडे असं काही पाहिलं, की पाण्यातसुद्धा त्याला घाम फुटावा. टाकीत टांगायची भोकांची प्लॅस्टिकची पेटी होती. खून केल्याच्या आरोपावरून त्याला तिच्यात कोंडण्यात आलं. बाजू मांडायची संधी दिली गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दुकानात जाऊन तशीच दुसरी ठिपकेवाली घेऊन आल्या. कोणाला बोलू नका, असंही दुकानदाराला सांगून आल्या. तो काहीतरी विचारणार होता, पण त्यांना वेळ नव्हता. मासा पाण्यात सोडला, पिशवी झटकली, वर पाहिलं, तर तीही गायब. खुनी कोठडीत असताना दुसरा खून झाला होता.

त्यानंतर त्या हजेरीला "पाचही हजर" असं मोठ्याने म्हणू लागल्या. नवरा वर्तमानपत्रामागून हो म्हणायचा. जाऊ शिलाई मशीन जरा जोरात चालवायची.

महिना भरला तो रविवार. सकाळीच जाऊ गळ्यात टेप अडकवून टाकीसमोर उभी राहिली. दिलेल्या वेळेवर दुकानदारही आला. रेक्टरबाईंनी पट्टेवाल्याला पेटीतून सोडलं, पदर खोचला आणि हरताना मान कशी ठेवायची याचा विचार करू लागल्या. ताठच ठेवायची, असं त्यांनी ठरवलं. इतके दिवस कोंडून राहिलेला पट्टेवाला मात्र पार नरमला होता. तो सगळ्यांच्या मागून खाली बघत पोहू लागला.

"चार," जाऊ म्हणाली.

तेवढ्यात तळाची वाळू हलली. वाळूतून आधी एक तोंड आलं, मग ठिपके आले आणि ठिपकेवाली अंग झटकून वर आली. मग शेजारची वाळू हलली. मग दगडामागची. मग हीटरखालची.

"आठ," जाऊ हळूच म्हणाली.

"पहिल्याच दिवशी सांगत होतो, बाई," दुकानदार म्हणाला. "ही जात नव्या जागेत आठ-दहा दिवस वाळूत तोंड खुपसून बसते. पण पहिली नेल्यावर दोन-तीन दिवसांतच घरातल्या तिघांनीही आणखी एकेक नेली आणि तिघांनीही कोणाला बोलू नका म्हणून सांगितलं. मग मी नाही बोललो."

रेक्टरबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने जावेकडे पाहिलं. जाऊ टेपशी चाळा करत होती.

"म्हणजे माझ्या टाकीत मासा मेला असं तुम्हा दोघांना वाटलं?" रेक्टरबाईंनी विचारलं.

"तुम्हाला नाही वाटलं, ताई?" जावेने विचारलं.

"मला वाटेल. टाकी माझी आहे."

नवऱ्याला नेमकं त्याच वेळी हसू आलं. मग जाऊ म्हणाली की, मला टेबल परत मिळत होतं तरी ताईंचं तोंड पडेल म्हणून मी मासा आणला, आणि वर बोलणीही मीच खायची. नवरा म्हणाला की, तिने आणला हे आधी कळलं असतं तर माझी खेप वाचली असती. रेक्टरबाई म्हणाल्या की, मला कोणाची दया नको. यावर जाऊ आत गेली आणि तिने दार आतून लावून घेतलं. नवरा चपला घालून जिन्यात जाऊन बसला.

टाकीत आठ रॅस गुण्यागोविंदाने फिरत होते. दुकानदाराने कौतुकाने फोन काढला.

"पाच जातींचं असं आजवर पाहिलं नव्हतं, बाई. दुकानात फोटो लावतो. घरातले सगळे जरा टाकीमागे जवळ जवळ उभे राहा ना."

रेक्टरबाई टाकीशेजारी एकट्याच उभ्या राहिल्या. मान ताठ होती.

"बाकीचे?"

"ते एका फोटोत मावायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही माशांचा काढा."