मास्तरांची फुकटची सावली

या हो, असे जवळ या. तिकडे दाराशी कशाला उभे राहता? आवाज पोचायचा नाही, आणि ही गोष्ट काही ओरडून सांगण्यासारखी नाही. सरका पुढे. आज तुम्हाला एका शिंप्याच्या सुट्टीची गोष्ट सांगतो. गोष्ट भीतीची आहे. हसू आलं तर हसा, पण जरा बेतानं. कारण त्या दिवशी त्याची छाती जशी धडधडली, तशी देवानं वैऱ्याचीही धडधडवू नये!

शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. अंगानं इतके किडकिडीत, की गळ्यातली टेप काढली तर वाऱ्यानं उडतील! हाताला मात्र देवानं कला दिलेली, आणि कलेच्या जोडीला काटकसर. दुकानातली चिंधी कधी केरात गेली नाही. उरलेल्या कापडाची उशी व्हायची, उशीतून उरलेल्याचा रुमाल, आणि रुमालातून उरेल त्याची लेकीसाठी बाहुली. बाहुलीला झगा शिवायला कापड उरायचं नाही, म्हणून ती बिचारी वर्षभर तशीच थंडीत.

घरात बायको, लेक आणि सासूबाई. सासूबाईंनी जन्मभर मास्तरांच्या दुकानात बसून काजं केली, बटणं लावली. बसून बसून गुडघे गेले. तक्रार कधी नाही, मागणं कधी नाही. फक्त एकदा सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "जावईबापू, मरायच्या आधी एकदा समुद्राच्या पाण्यात पाय बुडवायचेत बघा. एवढंच राहिलंय."

मास्तरांचं मशीन थांबलं. दोन कारणांनी. एक, म्हातारीनं पहिल्यांदाच काही मागितलं होतं. आणि दुसरं, मास्तरांना पाण्याची भीती! भीती म्हणजे किती? बादली काठोकाठ भरली तरी हे दोन पावलं मागे सरायचे. पण हे गुपित. बायकोलासुद्धा ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं.

"अहो, जायचंच!" मास्तरांनी कात्री टेबलावर आपटली. "थेट बेटावर जायचं! सुट्टी कशी घ्यायची हे लोकांना कळतच नाही. ऐन वाऱ्याच्या दिवसांत जायचं. खोल्या मातीमोल. बेटावर कुत्रंसुद्धा नसतं!"

"कुत्रं का नसतं?" बायकोनं विचारलं.

"वारा असतो म्हणून."

"मग आपण का जायचं?"

"वाऱ्यानं घाम येत नाही. घाम नाही तर तहान नाही. तहान नाही तर खर्च नाही!"

हा हिशेब ऐकून बायको पिशव्या भरायला लागली. लग्नाला वर्षं झाली की माणूस कुठे बोलायचं ते शिकतो.

निघाले. लाँचमध्ये मास्तर मधल्या खांबाला मिठी मारून, डोळे गच्च मिटून बसले.

"बाबा, डोळे का मिटलेत?" लेकीनं विचारलं.

"ऊन लागतंय गं!"

आभाळ भरून आलेलं होतं. बायकोनं नुसतं तोंड फिरवलं आणि पदर ओठांवर धरला.

खोली मिळाली ती बर्फाच्या कारखान्यामागे. भिंतीतून यंत्राची घरघर आणि अंथरुणाला माशांचा वास. मास्तर म्हणाले, "बघा, समुद्र खोलीतच आलाय!" दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळी किनाऱ्यावर पोचली. मास्तरांचा अंदाज पहिल्या झटक्यात चुकला. कुत्रं नव्हतं, हे खरं; पण माणसं भरपूर होती! काटकसरीची ही युक्ती आणखी शेकडो डोक्यांत आली असावी. वाळूवर रंगीत छत्र्यांची रांग, आणि रांगेच्या तोंडाशी छत्रीवाला.

"छत्री घ्या मास्तर. तासावर आहे." गळ्यातल्या टेपवरून त्यानं धंदा ओळखला.

"सावलीला भाडं?" मास्तर कडाडले. "अरे, सावली देवाची!"

"मग देवाची घ्या की! छत्री माझी आहे."

मास्तर हसले. हा क्षण यावा म्हणून तर त्यांनी रात्रंदिवस मशीन चालवलं होतं! बगलेतलं गाठोडं त्यांनी झटकन उलगडलं. लालभडक छत! एका बँडवाल्यानं कोट शिवायला टाकले होते. बँड मोडला, कोट न्यायला कुणी आलं नाही. मास्तरांनी ते सगळे उसवून, जोडून ही भलीमोठी चादर केली होती. फक्त मधल्या कोटाचा खिसा त्यांनी तसाच ठेवला. "एवढा सुरेख बसलेला खिसा उसवायचा? पाप लागेल!" शिवाय उपयोगी. सासूबाईंच्या चष्म्यावर खारे तुषार उडायला लागले, तसा त्यांनी चष्मा काढून त्या खिशात ठेवला आणि बटण लावून टाकलं.

छताचं एक टोक बांबूच्या शेंड्याला पक्कं, बाकीची टोकं वाळूत खुंट्यांना. खुंट्या म्हणजे दुकानातल्या मोडक्या लाकडी पट्ट्यांचे तुकडे, वर्षानुवर्षांच्या वापरानं लोण्यासारखे गुळगुळीत. खालच्या चटईवर सासूबाई टेकल्या. पाणी लांब होतं. त्या तिकडे बघत होत्या. चष्म्याशिवाय त्यांना ते दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं.

"अहो, आईला आपण दोघं धरून पाण्यापर्यंत नेऊ ना," बायको म्हणाली.

मास्तर खुंटी पुन्हा ठोकायला लागले. "आत्ता? छे! वारा बघ केवढाय! उद्या नेऊ."

"पाणी इथवर नाही का येत, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"अजिबात नाही! मुद्दाम लांबची जागा निवडली आहे. निर्धास्त असा."

सासूबाईंनी सुस्कारा सोडला. मास्तरांना वाटलं, समाधानाचा आहे.

मायलेकी शिंपले वेचायला गेल्या. मास्तर रिकाम्या बाटल्या घेऊन निघाले. किनाऱ्यावरच्या दुकानातलं पाणी महाग, आणि टेकडीच्या पायथ्याला नळ होता. नळाला धार कसली, आजारी माणसाच्या घामासारखी टिपटिप! मास्तर बाटल्या भरत बसले आणि वाऱ्यानं जोर धरला.

आणि एकदम भोंगा वाजला.

असा वाजला, की बाटली हातातून निसटली. मास्तरांनी मान वर केली. अख्खा किनारा त्यांच्या अंगावर धावून येत होता! ओली माणसं, अर्धी ओली माणसं, साबण लावल्यासारखी वाळूनं माखलेली माणसं, कडेवर पोरं, काखेत चपला!

"काय झालं? अहो, काय झालं?"

"लाल निशाण लागलंय! पळा!" एक गृहस्थ धावता धावता म्हणाले.

"म्हणजे काय?"

"म्हणजे पाण्यात मरण आहे!"

मास्तरांनी पाहिलं. जीवरक्षकाच्या मचाणावर लाल निशाण. पलीकडच्या मचाणावरही लाल निशाण. त्यांनी बाटल्या तिथेच टाकल्या.

"लाट येतेय, लाट!" एक बाई ओरडल्या. "मचाणाएवढी!"

"मचाणाएवढी कुठली? टेकडीएवढी!" मागच्यानं सुधारलं.

"मी बघितली," तिसरा म्हणाला. हा मघापासून सगळ्यांच्या पुढे धावत होता, तरी त्यानं बघितली होती!

गर्दीतून बायको आणि लेक येऊन मास्तरांना बिलगल्या. देवाची कृपा! मास्तरांनी दोघींना टेकडीच्या पायऱ्यांवर ढकललं, आणि तेवढ्यात बायकोनं विचारलं, "अहो, आई?"

"तुमच्याबरोबर ना?"

"आम्ही शिंपले वेचत होतो! तुमच्याबरोबर नाही?"

भोंगा वाजतच होता.

मंडळी, इथे जरा थांबा आणि त्या माणसाकडे बघा. समोर समुद्र, ज्याच्या नुसत्या विचारानं त्याला रात्री घाम फुटायचा. मागे टेकडी, सुरक्षित, कोरडी. सगळं जग टेकडीकडे धावतंय. आणि खाली चटईवर एक म्हातारी, जिला स्वतःहून उठता येत नाही. जिला तो 'उद्या नेऊ' म्हणाला होता.

"तू वर जा," मास्तर बायकोला म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण उसवलेला. "मी आणतो आईंना."

"अहो, पण तुम्हाला पाण्याची..."

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून!"

मास्तर उलटे धावले. अख्ख्या किनाऱ्यात उलटा धावणारा एकटा माणूस! वाटेत छत्रीवाला मिटलेल्या छत्र्यांचा भारा घेऊन येत होता. "अहो मास्तर, मरायचंय का? सावली राहू द्या तिथंच, देव बघेल तिचं!" मास्तरांना ऐकू आलं नाही. वारा कानात शिरत होता, वाळू डोळ्यांत. तोंडानं एकसारखं देवाचं नाव चालू. गळ्यातली टेप मागे लगामासारखी उडत होती.

पोचले. पाणी चढलं होतं. ज्या जागेची त्यांनी हमी दिली होती तिथे लाटेचा फेस फिरत होता, आणि त्या फेसात सासूबाई पाय पसरून बसल्या होत्या.

"आई! उठा! लाट येतेय!"

"आल्यात की बऱ्याच," सासूबाई म्हणाल्या.

मास्तरांनी त्यांना काखेत हात घालून उचललं. म्हणजे उचलायला गेले. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत, मास्तर मात्र गुडघ्यांवर आले. पुन्हा जोर लावला. कमरेत कळ आली. पाणी पोटऱ्यांना लागलं, तसे त्यांचे दात वाजायला लागले.

"तुम्ही जा, जावईबापू. मी बसते. गर्दी पांगली, आता कसं मोकळं वाटतंय."

"नाही जायचो!"

आणि मास्तर बसले. पाण्यात! ओल्या वाळूत सासूबाईंच्या शेजारी त्यांनी बसकण मारली, त्यांचा काजं करून करून खरबरीत झालेला हात हातात घट्ट धरला, आणि डोळे मिटले. लाट आली की दोघांना एकदम नेईल. लेकीच्या बाहुलीला झगा शिवायचा राहिला. "आई, चुकलं असेल ते पोटात घाला. मघाशीच नेलं असतं पाण्याजवळ, पण मला भीती वाटते हो पाण्याची! फार भीती वाटते!"

"ते ठाऊक आहे मला. आधी माझा चष्मा काढून द्या. समोर काय चाललंय ते दिसत तरी नाही."

"चष्मा कुठाय?"

"तो काय, वर! खिशात."

मास्तरांनी एक डोळा उघडला. वर पाहिलं. मग दुसरा डोळा उघडला.

गुळगुळीत खुंट्या केव्हाच सुटल्या होत्या. बांबूच्या शेंड्याला भलंमोठं लालभडक कापड आडवं होऊन फडाफडा वाजत होतं. किनाऱ्यावरच्या सगळ्या निशाणांहून उंच, सगळ्यांहून लाल! शिवण ओळखीची होती. दुहेरी टीप. आणि मधोमध, पितळी बटण लावलेला, सुरेख बसलेला खिसा.

मास्तरांचं तोंड उघडं राहिलं. त्यात वाळू गेली.

"आई," ते हळूच म्हणाले, "हे कुणाला बोलू नका हं."

एवढ्यात शिट्टी वाजली. जीवरक्षक दुर्बीण सावरत धापा टाकत पोचला. "कोणी लावलं हे? कोणी? हे बघून मी निशाण चढवलं, माझं बघून पलीकडच्यानं चढवलं, त्याचं बघून भोंगा झाला! दुर्बिणीतून बघतो तर निशाणाला खिसा! कोणाचं काम हे?"

मास्तरांनी मान खाली घातली. जमेल तितकं लाटेकडे बघितलं. पण सासूबाईंची छाती अभिमानानं फुलून आली.

"आमच्या जावईबापूंचं!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "अख्खं स्वतः शिवलंय! आणि मजबूत किती बघा, एवढ्या वाऱ्यात टीप सुटली नाही!"

टेकडीवरून खाली येणाऱ्या गर्दीनं ते नीट ऐकलं.

जीवरक्षकानं कापड खाली ओढून हातात घेतलं, ताणून बघितलं, मग मान वळवून मचाणावरच्या आपल्या निशाणाकडे बघितलं. ते उन्हानं गुलाबी पडलं होतं आणि कडेनं विरलं होतं. "आमचं निशाण बघून माणसं अजून आत पोहायला जातात," तो म्हणाला. "तुमचं बघून टेकडीवर गेली. मास्तर, माझ्या झोपडीत शिवणयंत्र आहे."

तर अशी ती सुट्टी! उरलेले सगळे दिवस मास्तर झोपडीत बसून बेटाची निशाणं शिवत होते, समुद्राकडे पाठ करून. बायको आणि लेक छत्रीवाल्याच्या छत्रीखाली. जीवरक्षकानं शब्द टाकला होता, भाडं नव्हतं. छत्रीवाला येता-जाता विचारायचा, "मास्तर, सावली कशी आहे?" आणि रोज भरतीच्या वेळी मास्तर मशीन थांबवायचे, बायकोच्या मदतीनं सासूबाईंना पाण्यापर्यंत न्यायचे, आणि घोट्याएवढ्या पाण्यात त्यांचा हात धरून उभे राहायचे. डोळे मिटून. कोण कोणाला धरून उभं आहे, ते लांबून कळायचं नाही.

आता तुम्हाला एकच मागणं. कधी समुद्रावर गेलात आणि लाल निशाण दिसलं, तर वाद न घालता पाण्याबाहेर या. टेकडीवर पोचल्यावर मास्तरांना हसायचं तेवढं हसा, त्यांना सवय आहे. पण त्या म्हातारीची आठवण ठेवा, जिनं जन्मभरात एवढंच मागितलं आणि जिच्या पायाशी समुद्र आपण होऊन आला. तिच्यासाठी हात जोडा. आणि जोडायच्या आधी, तुमच्यातल्या कुणाची म्हातारी खाली चटईवर तर राहिली नाही ना, तेवढं बघून घ्या.