मिळालं म्हण

आमचे मेश्राम सर शेजारच्याच खुर्चीत बसतात, तरी मला चिठ्ठी पाठवतात. चिठ्ठीत "चहा घेशील काय?" एवढंच. त्यावर नुसतं "हो" चालत नाही. आधी "मिळालं" म्हणायचं, मग हो की नाही ते. विसरलं की चष्म्यावरून बघत म्हणणार, "मिळालं म्हण ना वं! नाही तं मले कसं समजन?"

नागपूरच्या मिहान उद्योगक्षेत्रातल्या आमच्या छोट्या कंपनीत आम्ही नवजात बाळांना ऊब देणाऱ्या पेटीचं सॉफ्टवेअर लिहितो. त्यात तीन कामकरी, म्हणजे थ्रेड. एक तापमान मोजतो, दुसरा आकडा दाखवून त्याप्रमाणे ऊब कमी-जास्त करतो, तिसरा भोंगा वाजवतो. सरांचा दंडक असा, की कोणी कोणाच्या सामानाला हात लावायचा नाही. जे सांगायचं ते सॉकेटमधून, म्हणजे दोघांमधल्या निरोपाच्या वाटेने, पत्रासारखं पाठवायचं आणि "मिळालं" आल्याशिवाय पुढचं पत्र टाकायचं नाही. "असं लिहिलं ना, तं उद्या कोनताही बोर्ड आना. संसार उचलून तिकडं मांडता येते." संसाराच्या या गोष्टी सांगणारा माणूस शहरातल्या महाल भागात एकटा राहतो, याची आम्हाला मोठी गंमत वाटे.

पुढे पेटीतला जुना सर्किट बोर्ड बाजारातून गेला आणि खरोखरच दोन दिवसांत सगळा संसार नव्या बोर्डावर आला. मी मात्र अतिशहाणी. दर वेळी "मिळालं"ची वाट पाहण्यात वेळ जातो म्हणून तेवढ्या ओळी मी गुपचूप काढून टाकल्या. प्रोग्रॅम वाऱ्यासारखा पळू लागला. सरांना सांगितलं नाही.

रामदासपेठेतल्या एका इस्पितळाच्या डॉक्टरीणबाई चारला पेटी बघायला येणार होत्या. पसंत पडली तर त्याच आठवड्यात ती वॉर्डात जाणार होती. तीन वाजता सरांनी सवयीने आत हात घातला आणि झटकन मागे घेतला. आत चटका बसत होता. पडद्यावर साडेछत्तीस, आणि भोंगा गप्प.

"रश्मी, बटन बंद कर!" सरांनी पहिल्यांदाच आवाज चढवला.

 नव्या बोर्डाचा पडदा हळू होता. मोजणारा पत्रांवर पत्रं टाकत होता आणि दाखवणारा अजून जुनीच वाचत बसला होता. भोंग्याचंही तेच. आत बाळ असतं तर?

"मिळालं काढलं तू?"

"हो सर. वेळ जात होता."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी ओळी परत घालत होते आणि सर थर्मामीटर धरून पेटीशी उभे होते. चारला पाच कमी असताना पेटी मुद्दाम तापवली. आकडा चढत गेला. अडतीसला भोंगा असा कोकलला, की खालचा रखवालदार धावत वर आला.

डॉक्टरीणबाई पसंती देऊन गेल्यावर मी माफी मागितली. सरांनी खण उघडला. आत लोणच्याची रिकामी, धुतलेली बरणी होती.

"माय गावाहून लोणचं एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवे. मंग फोन करे, मिळालं काय? एक दिवस तीनदा फोन आला. बरनी माह्या टेबलावर होती. मी काम करून राहिलो होतो. म्हटलं, उद्या सांगू." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट फिरवलं. "उद्या माय नव्हती वं."

 जागेवर जाऊन मी चिठ्ठी लिहिली, "उद्या तुमच्यासाठी घरचं लोणचं आणते." ती त्यांच्या टेबलावर ठेवली.

सरांनी वाचली. चष्मा काढून पुसला, परत वाचली. 

शेवटी मीच म्हटलं, "सर, मिळालं म्हणा ना."