वानखेडे सरांचं बोट

वानखेडे सर दिसेल ती मऊ वस्तू बोटानं दाबून पाहतात. इडली, भिजलेला सबजा, लग्नातला गुलाबजाम. एकदा तर नवरदेवाच्या मामाचा गाल. "दाबलं का परत आलं पायजे," हे त्यांचं पालुपद. त्या दिवशी मामा परत आले, पण चार माणसं घेऊन.

नव्या रायपूरच्या प्रयोगशाळेत मी त्यांचा सहाय्यक. शहरातून तासभर बस, मग दिवसभर जेल. जेल म्हणजे, शरीरातलं मांस काढावं लागलं तर तिथं भरता येईल असा पाणीदार मऊ गोळा. सर तो भेंडीच्या बुळबुळीवरून बनवतात. सहा वर्षं झाली बापा! माझ्या डब्यातली भेंडीही तपासणीला जाते अन् मी कोरडी पोळी खातो. सोमवारी छान जमलेलं जेल गुरुवारी पाणी सोडून बसतं. "पुन्हा करू," सर म्हणतात. मला हे ऐकूनच थकायला होतं.

माझ्या मुलीच्या बारशाला त्यांनी तिचा गाल इतका वेळ दाबला, की माझी बायको वैतागली. "सर, पोट्टी आहे ते, सॅम्पल नाही!" सर ओशाळले. पण जाताना गाल किती दबतो ते वहीत लिहून गेले.

गेल्या महिन्यात एक जेल आठवडाभर टिकलं. सर रजेवर, म्हणून डबी घेऊन मीच समता कॉलनीत त्यांच्या घरी पहिल्यांदा गेलो. वहिनींनी डोक्यावरचा पदर डाव्या गालावर ओढून घेतला होता. पाणी देताना तो सरकला. गालाच्या जागी खड्डा होता. कॅन्सरचं ऑपरेशन, सहा वर्षांपूर्वीचं. सर कधी बोललेच नव्हते. माझ्या कुरकुरीची मला लाज वाटली.

सरांनी जेल दाबलं. परत आलं.

"पन माणसात भरायले अजून धा वर्षं लागतीन," ते दमलेल्या आवाजात म्हणाले.

"मले नाही पायजे तुमचं जेल," वहिनी म्हणाल्या. "साऱ्या दुनियेचे गाल दाबून राहिले तुम्ही. ऑपरेशन झाल्यापासून माझ्या गालाले एकदा तरी हात लावला काय?"

"तुले दुखंल म्हणून..."

"कव्हाचंच नाही दुखत."

सरांनी बोट उचललं. मामाच्या गालापाशीही न अडलेलं ते बोट आज अर्ध्यातच थांबलं. वहिनींनीच पदर बाजूला केला, ते बोट धरलं आणि खड्ड्यावर टेकवलं. सर रडायला लागले.

मी चपला घालून गुपचूप बाहेर पडलो. डबी तिथंच राहिली.