कानाचे, डोळ्याचे, हाताचे

आमच्या शेजारचे गायकवाड सर नवीन माणसाला आधी नाव विचारत नाहीत. "तुम्ही कानाचे, डोळ्याचे की हाताचे?" असं विचारतात. म्हणजे शिकता कशानं? आमचा दूधवाला हाताचा. मी डोळ्याचा, कारण मी वीजबिल दोनदा वाचतो. खरं तर तीनदा वाचतो.

निवृत्तीनंतर सर दहावीला नापास झालेल्या बायकांना मोबाइलवर गणित शिकवतात, फुकट. एकोणीस जणी, तीन गट. कानवाल्यांना नुसतं बोलून, डोळेवाल्यांना आकृत्या काढून, हातवाल्यांना घरचे शेंगदाणे मांडायला लावून. दिंडोरीच्या मंदाचा कॅमेरा कायम बंद, म्हणून ती कानाची ठरली. एकदा सर चिडले.

"मंदाताई, वहीत उतरवून का घेत नाही?"

"सर, द्राक्षाची छाटणी चालू हाय. एका हातात कात्री, दुसऱ्यात काडी. वही काय दातात धरू?"

सरांनी तिला ताबडतोब हाताच्या गटात टाकलं.

परीक्षा दीड महिन्यावर आली. मंदाची ही तिसरी खेप. या वेळीही नापास झाली तर घरचे पुन्हा बसू देणार नव्हते. वर्ग संपल्यावर सर काही जणींना रोज फोन करत. ते बंद करून तो वेळ गटवार व्हिडिओंना द्यायचं त्यांनी ठरवलं, आणि गुणांची वही मला तपासायला दिली. मी सिन्नरच्या कारखान्यात मालाची तपासणी करतो.

दोन रविवार बसलो. तिन्ही गटांत वाढ जवळपास सारखीच. फोन जायचे त्या आठांपैकी सात जणी मात्र वर चढल्या होत्या; मंदा अकरा गुणांवरून एकोणतीसवर. उरलेल्या अकरांत फक्त तिघी.

"एकोणीस जणींवरून छातीठोक सांगता येत नाही," मी म्हणालो, "पण गट मोडले तरी चालतील सर, फोन मोडू नका. फोनवर काय शिकवता?"

"शिकवतो कुठं? भाजी काय केली विचारतो. बोलता बोलता एखादं गणित निघतं."

सरांनी वहीची पानं मागं उलटली. तीन वर्षांची गटांची मांडणी होती ती. मग त्यांनी वही मिटली.

"ठीक. आजपासून एकोणीसही जणींना करतो." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "एक करा, हे बाहेर बोलू नका. आमची ही गेल्यापासून संध्याकाळी घरात बोलायला कोणी नसतं. पोरींना वाटतं, फोन त्यांच्यासाठी असतो."