कापडाशी भांडणारे वेंकोबा मास्तर

आमचे वेंकोबा मास्तर कापडाशी बोलायचे. गुणगुणायचे वगैरे नाही हं, चांगलं भांडायचे. म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या ज्या दुकानात मी काज-बटणं करायला बसायची, तिथले ते कटिंग मास्तर. टेबलावर ब्लाउजपीस पसरलं की सुरू: "ये बाई, सरळ नीज. अय्यो, अशी तिरकी का होतेस? गळ्याची घाई नको, आधी बाहीचा मुंढा. गळा आधी कापला की खांदे पडतात, ठाऊक नाही तुला?"

नवी गिऱ्हाइकं दचकायची. रेशमाला मास्तर सूनबाई म्हणायचे, तिच्याशी आवाज खाली. सुती कापड घरचंच, त्याला अरेतुरे. आणि मखमल म्हणजे एच. डी. कोट्याच्या बाजारातली म्हैस, ओढावी तिकडं यायचीच नाही. मशीनवरची सक्कू म्हणायची, मास्तरांच्या डोक्याची शिवण उसवलीय.

मला मात्र कटिंग शिकायचं होतं. काजं करून करून डोळे जायची वेळ आली होती, आणि कटिंग येईल त्यालाच दुकानात मान. पण टेबल पुरुषांचं, हा मालकांचा कायदा. एकदा धीर करून मास्तरांनाच विचारलं. कानावर खडू खोचत म्हणाले, "मी शिंपी आहे, शाळामास्तर नाही. शिकवणं बेडा." बेडा म्हणजे नको. आमच्या म्हैसूरच्या मराठीत निम्मं कन्नड असतं, चालवून घ्या.

मी परत काजांवर बसले. पण कान कसे बंद करणार? दिवसभर त्यांचं भांडण ऐकायचं आणि घरी जुन्या वर्तमानपत्रावर कात्री चालवायची. पुढं पुढं जुन्या साडीतून स्वतःचे ब्लाउज कापून घालू लागले. गंमत म्हणजे माझ्या काखेत चुणी पडलेली असली, की त्या दिवशी मास्तर कापडाला नेमके काखेवरूनच झापायचे. मला वाटायचं, योगायोग.

मग लेकीच्या बाळंतपणाला सरगूरला जाऊन राहिले. परत आले तर सक्कू म्हणते, "अक्का, तू नव्हतीस ना, मास्तर अगदी शहाण्यासारखे वागले. तोंडातून शब्द नाही. मला वाटलं बरे झाले. आज बघ, परत सुरू."

मी टेबलाकडं पाहिलं. मास्तर एका फुलाफुलांच्या कापडाला खांद्याचा उतार समजावत होते. माझ्याकडं पाठ होती, पण आवाज जरा मोठाच होता. मी माझं बसणं टेबलाच्या आणखी जवळ ओढलं.

पुढं मास्तरांचा हात थरथरायला लागला. नेमकी लग्नसराई, आणि एका नवरीचं भारी रेशीम आलेलं. मालक दुसरा कटिंगवाला शोधू लागले. मास्तर म्हणाले, "बाहेरचा कशाला? ही कापेल. बिघडलं तर वेंकोबानं बिघडवलं म्हणून सांगा."

मालकांनी माझ्याकडं पाहिलं, मी रेशमाकडं. कात्री हातात घेतली आणि गळा सोडून आधी मुंढा कापला. मास्तर शेजारी उभे, पण पूर्ण वेळ अक्षर बोलले नाहीत. ब्लाउज नवरीच्या अंगाला असा बसला की तिची आई पाठीवरून हात फिरवून चुणी शोधत राहिली. मालक म्हणाले, आयतु, झालं तर मग, टेबल आता हिचं.

इथपर्यंत सगळं छान. मग मालकांनी चांगल्या मनानंच म्हटलं, मास्तर, पुष्कळ केलंत, उद्यापासून घरी आराम करा. मास्तरीणबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरी घरी ते बोलणार कुणाशी, हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

मास्तर पिशवी उचलून दारापर्यंत गेले. तिथंच थांबले. "घरी कापड नसतं," म्हणाले.

मी पुढचं ब्लाउजपीस टेबलावर पसरलं आणि कालच शिवणकामाला बसलेल्या पोरीलाही उत्तर येईल असा प्रश्न विचारला, "मास्तर, हे सुती आहे. कापायच्या आधी भिजवायला हवं का हो?"

"अय्यो, एवढंही येत नाही?" म्हणत त्यांनी पिशवी खुंटीला लावली आणि स्टूल ओढलं.