बुरूज हलला, सोमेश हलला नाही

एकशे चाळीस किलोचा माणूस रिंगणात नुसता उभा राहिला तरी पुरे, असं माझं ठाम मत होतं. म्हणून माझ्या ओळखीच्या रणधीरनं नळदुर्गात टीव्हीवरच्यासारख्या नाटकी कुस्तीचा खेळ ठरवला, तेव्हा मी लगेच हो म्हणालो. रणधीरनं माझं नावही ठेवलं: बुरूज. अणदूरच्या किराणा दुकानात बसून बसून कमावलेला देह एकदाचा कामी येणार होता.

माझ्यासमोर होता तामलवाडीचा सोमेश. वय पस्तीस, अंगानं काटकुळा. तालमीत तो म्हणाला, “अप्पा, तुम्ही सावकाश चाला, घाई करू नका. हात नुसता लावा. उडायचं मी बघतो.”

आणि काय उडायचा गडी! मी बोट लावलं की हा दोराला आपटून परत यायचा. दोन दिवसांत मला वाटायला लागलं, हे सगळं माझ्याच हातानं होतंय.

खेळाच्या सकाळी रणधीरनं जीपमधनं मिरवणूक काढली. माइक हातात आला आणि मी बोलून गेलो, “नाटक-बिटक कायबी न्हाय. असली चिलटं म्या रोज खिशात घालून फिरतो.” सोमेश शेजारीच बसला होता. पाण्याची बाटली तेवढी त्यानं माझ्यापुढं धरली.

संध्याकाळी मैदान भरलं. पहिल्या रांगेत माझी बायको सिद्धम्मा, नवी साडी नेसून. मी सावकाश चालत गेलो आणि सोमेशच्या छातीवर हात मारला.

सोमेश जागचा हलला नाही.

पुन्हा मारला. लोक हसायला लागले.

“पड की,” मी दात आवळून म्हणालो.

“नाटक न्हाय ना अप्पा,” तो हळूच म्हणाला. “मग खरंच उचला.”

इज्जतीचा प्रश्न होता. मी वाकलो, त्याच्या कमरेला मिठी घातली आणि जोर लावला. कमरेत काडकन आवाज झाला. सोमेश तिथंच होता. मी मात्र ओणवा झालो तो झालोच; ना वर होता येईना, ना खाली बसता येईना.

“अप्पा, खरंच उसण भरली काय?” सोमेशचा आवाज बदलला.

मी मान हलवली. तो झटकन खाली बसला, त्यानं मला पाठीवर घेतलं आणि थरथरत्या पायांनी एकटाच रिंगणाबाहेर निघाला. सगळं मैदान उभं राहिलं. टाळ्या थांबेनात. टाळ्या वाजवणाऱ्यांत सिद्धम्माही होती.

घरी पालथा पडल्या पडल्या मी तिला त्याचा जाब विचारला.

“सगळेच वाजवत होते,” ती माझ्या कमरेवर गरम वीट ठेवत म्हणाली. “आन तुम्हाला उचलणं काय सोपं हाय व्हय?”

मग ती मला घरी पोचवायला आलेल्या सोमेशला वाढायला गेली. मला मान वळवता येत नव्हती. नुसतं ऐकू येत होतं. आमचं चिलट चौथी भाकरी नको म्हणत होतं, आणि सिद्धम्मा त्याला आग्रह करत होती.